शस्त्रवैद्याने हात कोठे बसवावा?



पोटे उघडण्याचा धंदा करणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला व्याख्यानमालेच्या चालकांनी या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. येथे कवी येतात, इतिहाससंशोधक येतात, अर्थशास्त्रज्ञ येतात, आणि त्यांचे ऐकून श्रोते प्रसन्न चित्ताने घरी जातात. आमच्या विषयाने कोणी प्रसन्न होईल अशी आशा आम्ही बाळगत नाही. रात्रीचे जेवण कडू होईल असे काही बोलणार नाही, एवढे आश्वासन मात्र देतो.

चालकांनी पत्रिकेत 'आभासी वास्तव आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया' असे भारदस्त नाव छापले आहे. आम्ही तोच विषय एका साध्या प्रश्नाच्या रूपाने मांडणार आहोत. कोणत्याही कामाला हात बसावा लागतो, असे आपण म्हणतो. सुताराचा हात लाकडावर बसतो, शिंप्याचा कापडावर बसतो, पोळ्या शिकणाऱ्या मुलीचा कणकेवर बसतो. तिच्या पहिल्या चार पोळ्यांचे नकाशे झाले, तर घरची माणसे हसतात आणि खाऊन टाकतात. मग शस्त्रवैद्याचा हात कशावर बसावा? आणि त्याच्या पहिल्या चार पोळ्या कोणी खाव्यात?

ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते आधी पाहू. एखाद्याच्या पित्ताशयात खडे झाले, म्हणजे पूर्वी उजव्या बरगडीखाली चांगला वीतभर छेद घेऊन पोट उघडावे लागे. आता बेंबीपाशी आणि वर पोटावर मिळून बहुधा चार छिद्रे पाडतात. प्रत्येक छिद्र अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे असते. कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून पोट फुगवितात, म्हणजे आत काम करण्यास मोकळी जागा होते. एका छिद्रातून दुर्बीण आत जाते, तिला कॅमेरा जोडलेला असतो, आणि आतले दृश्य समोरच्या पडद्यावर दिसते. उरलेल्या छिद्रांतून लांब दांड्यांचे चिमटे आणि कात्र्या आत घालून पित्ताशय सोडवून बाहेर काढतात. रोगी बहुधा दुसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागतो. दुखणे थोडे, व्रण लहान, आणि कामावर परतणे लवकर.

रोग्याचे सुख वाढले ते खरे, परंतु त्याची किंमत शस्त्रवैद्याच्या हाताला द्यावी लागली. पोट उघडे असताना आमचे डोळे जेथे पाहत तेथेच आमची बोटे असत. आता डोळे पडद्यावर आणि हात भलतीकडे. दृश्याची खोली गेली, कारण चित्र सपाट आहे. बोटांची जाण गेली, कारण मध्ये हातभर लांबीचा दांडा आला. सर्वांत मोठी अडचण दिशेची. नावेचे वल्हे ज्यांनी मारले असेल त्यांना ती तत्काळ कळेल. वल्ह्याची मूठ डावीकडे ढकलली की पाते उजवीकडे जाते. येथे पोटाची भिंत हाच वल्ह्याचा खुंटा आहे. हात वर गेला की आतला चिमटा खाली जातो. बरे, वल्हे पाण्यात चुकले तर नाव वाकडी जाते, एवढेच. चिमटा यकृताखाली चुकला तर काय होते, ते पुढे सांगतो.

या विद्येचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फिलिप बोझिनी नावाच्या जर्मन वैद्याने १८०६ साली मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे, शरीराच्या पोकळीत डोकावण्याचे उपकरण केले. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग याने एका कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आत पाहिले, आणि १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेउस याने तोच प्रयोग माणसांवर केला. परंतु हे सर्व पाहण्यापुरते. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढण्याचे धाडस कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये केले, आणि जर्मनीतील ज्येष्ठ शस्त्रवैद्य त्यांच्यावर तुटून पडले. १९८५ मध्ये एरिक म्यूह यांनी बोब्लिंगन या गावी पित्ताशय दुर्बिणीतून काढले. त्यांच्याही वाट्याला प्रथम अविश्वासच आला. पुढे चारपाच वर्षांत जगाचे मत फिरले. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया करून भारतात तिची वाट घालून दिली.

यानंतर जे घडले त्यात आमच्या आजच्या विषयाचे मूळ आहे. रोगी ही शस्त्रक्रिया मागू लागले. पंधरावीस वर्षे हजारो पोटे उघडलेले नामांकित सर्जन एका रात्रीत उमेदवार झाले. त्यांचे जुने कौशल्य बोटांत होते, आणि बोटांना तर आत प्रवेशच नव्हता. जुन्या पद्धतीत गुरू शिष्याच्या हातावर हात ठेवून शिकवीत असे, चुकणारा हात जागच्या जागी धरीत असे. येथे तीही सोय राहिली नाही, आणि प्रारंभी तर गुरूच नव्हते.

परिणाम काय झाला? पित्ताशयाची स्वतःची एक बारीक नलिका असते. ती बांधून कापावयाची असते. तिच्या लगतच यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका असते, आणि ती कापावयाची नसते. सपाट चित्रात, सुजलेल्या जागी, या दोहोंची गल्लत होते. मुख्य नलिका कापली गेली तर साध्या खड्यांसाठी आलेला माणूस कावीळ, जंतुसंसर्ग, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया अशा फेऱ्यात सापडतो. क्वचित प्राणासही मुकतो. मूर आणि बेनेट या दोघांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील ५५ सर्जनांनी केलेल्या ८,८३९ शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत पित्तनलिकेला ज्या इजा झाल्या, त्यांपैकी शेकडा ९० त्या त्या सर्जनच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांत झालेल्या होत्या. त्यांच्या गणिताप्रमाणे पहिल्या रोग्याला इजेचा संभव शेकडा १.७ होता, आणि पन्नासाव्याला शेकडा ०.१७. म्हणजे पहिल्याला पन्नासाव्याच्या दहापट. श्रोतेहो, पहिला आणि पन्नासावा यांचा रोग एक, सर्जन एक, भरवसाही एकच. फरक एवढाच की एकाची पाळी आधी आली.

आमचीच गोष्ट सांगतो. त्या दशकात आम्हीही काही दिवसांच्या वर्गाला जाऊन, चार शस्त्रक्रिया पाहून, ही विद्या घेऊन आलो. दुसराच रोगी एस.टी.त कंडक्टर असलेला एक गृहस्थ होता. ज्या कामाला पुढे आम्हाला पाऊण तास पुरू लागला, त्या कामात साडेतीन तास गेले. पडद्यावर चिमटा हवा तेथे जाईना. शेवटी आम्ही दुर्बीण बाहेर काढली आणि जुन्या रीतीने पोट उघडून काम पुरे केले. इजा झाली नाही, हे त्याचे नशीब. त्यात आमचे कौशल्य नव्हते. घरी जाताना त्याने हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, माझ्यासाठी तुम्ही किती वेळ खपलात!" तो वेळ त्याच्यासाठी गेला नव्हता. आमचा हात बसण्यात गेला होता. त्याने विचारले नाही, आणि आम्हीही त्याला सांगितले नाही. तो नमस्कार आमच्याकडे अजून अनामत पडून आहे.

आता कोणी म्हणेल की, हे अटळच आहे. कोणीतरी पहिला रोगी असणारच. पहिला रोगी असणार, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु त्याच्यावर चालणारा हात पहिल्यांदाच चालत असला पाहिजे, हे मात्र मान्य नाही. आणि हा विचार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, त्याचे नाव योग्यासूत्रीय. योग्या म्हणजे सराव. शिष्याने कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. शिरेचा वेध घेण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा. टाके घालण्याचा सराव जाड्या आणि पातळ वस्त्रावर करावा. आणि पट्ट्या बांधण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली घ्यावी, असा तपशील तेथे आहे. पुष्कळ शास्त्र पढलेला शिष्यदेखील असा सराव केल्यावाचून कामाला अपात्र, असा त्याचा निर्वाळा आहे. यावरून आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असे कोणी काढू नये! त्यांना माणसाच्या देहाची किंमत ठाऊक होती, एवढेच त्यातून निघते. आणि तेवढे पुरे आहे.

दुसरा धडा वैमानिकांकडून घ्यावा. अमेरिकेत बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा कारखाना वाद्यांचा, ऑर्गन आणि पियानो करण्याचा. भात्याने हवा भरून वाद्य वाजविण्याची कला त्याच्या घरची. त्या भात्यांवर त्याने १९२९ च्या सुमारास लाकडी विमान डोलविले, आणि जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याचे यंत्र तयार केले. प्रथम ते जत्रेतल्या करमणुकीच्या यंत्रासारखे विकले गेले. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपाल नेण्याचे काम आले, आणि धुक्यात, अंधारात, नुसत्या उपकरणांवर विमान चालविण्याचा सराव नसलेले डझनभर वैमानिक थोड्याच आठवड्यांत मेले. तेव्हा सैन्याने लिंकची यंत्रे विकत घेतली. पुढे महायुद्धात ती हजारोंनी लागली. वैमानिकांचा धंदा लवकर शहाणा झाला, याचे एक कारण उघड आहे. विमान पडले की चालविणाराही मरतो. आमच्या धंद्यात तसे होत नाही, म्हणून आम्हाला शहाणे होण्यास साठ वर्षे अधिक लागली.

आता आभासी वास्तवाकडे वळू. संगणकाने असे दृश्य निर्माण करावयाचे की, पाहणाराने मान वळविली, हात हलविला, तर दृश्यही त्याप्रमाणे बदलावे, आणि आपण त्या जागीच आहोत असे त्याला वाटावे. याला आभासी वास्तव म्हणतात. आयव्हन सदरलंड या संशोधकाने १९६८ मध्ये डोक्यावर चढविण्याचा पहिला पडदा दाखविला. त्याचे वजन एवढे की तो छताला टांगावा लागे. शस्त्रवैद्यकाशी या विद्येची गाठ घालून देण्यात अमेरिकन सैन्यातील सर्जन रिचर्ड सटावा अग्रभागी होते. संगणकातील आभासी पोटाविषयीचा त्यांचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे ते पोट ओबडधोबड होते, पण दिशा बरोबर होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या कारणामुळे दुर्बिणीची शस्त्रक्रिया अवघड झाली, त्याच कारणामुळे तिचा सराव यंत्रावर शक्य झाला. उघड्या पोटाची हुबेहूब नक्कल करणे अतिशय कठीण; तेथे ओलावा आहे, ऊब आहे, बोटांचा स्पर्श आहे. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनच्या समोर असते ते चित्र, आणि हातात असतात ते दोन दांडे. रोगी बाजूला काढून ठेवला आणि त्याच्या जागी संगणक बसविला, तरी चित्र तेच राहते आणि दांडेही तेच राहतात. म्हणून येथे डोळ्यांवर चष्मा चढविलाच पाहिजे असे नाही. खऱ्या शस्त्रक्रियेतही सर्जन पडद्याकडेच पाहत असतो. अलीकडे डोक्यावर चढविण्याची हलकी यंत्रे निघाली आहेत. त्यांत सारी शस्त्रक्रियेची खोली भोवती उभी राहते, आणि शस्त्रक्रियेच्या पायऱ्या क्रमाने शिकता येतात. तथापि हाताचा मुख्य सराव दांड्यांवरच होतो.

असे एक यंत्र आम्ही स्वतः वापरून पाहिले आहे. टेबलावर दोन मुठी, खाली पोट नाही, फक्त हालचाल मोजणारी साधने. प्रथमचे खेळ अगदी बालिश वाटतात. एमआयएसटी-व्हीआर नावाच्या जुन्या यंत्रात तर यकृत नव्हते की रक्त नव्हते. नुसता एक गोळा चिमट्याने उचलावा, दुसऱ्या हातात द्यावा, आणि चौकटीत ठेवावा. पुढच्या यंत्रांत पित्ताशय आले, कात्री चुकली की पडद्यावर रक्तही येऊ लागले. काम संपताच यंत्र हिशेब मांडते. किती वेळ लागला, डावा हात किती भटकला, उजवा किती भटकला, चुका किती झाल्या. आमच्या पांढऱ्या केसांची त्याने काडीइतकी भीड ठेवली नाही. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीचा हिशेब आमच्यापेक्षा चांगला निघाला. ती हसली नाही, हा तिचा सुस्वभाव.

पण पडद्यावर हात बसला म्हणून पोटात बसेल कशावरून? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगानेच मिळावयास हवे. ते मिळाले आहे. २००२ मध्ये येल विद्यापीठातील प्रयोग प्रसिद्ध झाला. १६ शिकाऊ सर्जनांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाने यंत्रावर सराव केला, दुसऱ्याने नेहमीचेच शिक्षण घेतले. नंतर दोन्ही गटांनी खऱ्या रोग्यांचे पित्ताशय यकृतापासून सोडविले, आणि कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी त्यांची चित्रफीत तपासली. सराव केलेल्यांना शेकडा २९ वेळ कमी लागला. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचा अथवा भलताच भाग भाजण्याचा संभव पाचपट निघाला. २००९ मध्ये डेन्मार्कमधील २४ शिकाऊ स्त्रीरोगतज्ज्ञांवर असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. गर्भनलिका काढण्याच्या शस्त्रक्रियेला यंत्रावर शिकलेल्यांना १२ मिनिटे लागली, इतरांना २४. २० ते ५० शस्त्रक्रिया केलेल्या माणसाचे कौशल्य त्यांच्या अंगी पहिल्या रोग्यापाशीच दिसले. मघाशी सांगितलेला तीसचा आकडा आठवा, म्हणजे या वीस ते पन्नास आकड्यांचे मोल कळेल.

या प्रयोगांतील आणखी एक मर्म सांगतो. येलच्या प्रयोगात अमुक तास बसा आणि उठा, असा सराव नव्हता. प्रथम निष्णात सर्जनांना त्याच यंत्रावर बसवून त्यांचा हिशेब घेतला, आणि शिकाऊ त्या पातळीला पोहोचेपर्यंत त्याला सोडले नाही. कोणाचा हात लवकर बसतो, कोणाचा उशिरा. आपल्या विद्यालयांत वर्षे मोजण्याची चाल आहे. वर्षे भरली की विद्या आली असे आपण समजतो. हात मात्र पंचांग पाहून बसत नाही.

या यंत्रांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर हे व्याख्यान न राहता जाहिरात होईल. पहिला दोष स्पर्शाचा. ओढलेला पडदा केव्हा फाटेल हे बोटाला जसे कळते, तसे कळविणारी यंत्रे निघाली आहेत, पण ती महाग आहेत, आणि त्यांचा स्पर्श अजून खऱ्यासारखा नाही. दुसरा दोष खर्चाचा. त्यावर मात्र एक साधा उपाय आहे. झेम यांनी फार पूर्वीच सरावासाठी एक पेटी केली होती. पेटीला छिद्रे, आत कॅमेरा, आणि कामाला दोरा, सुई, चिंधी. अशाच पेटीवरची पाच कामे घेणारी परीक्षा अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाली, आणि पुढे तेथील शस्त्रवैद्यांच्या मंडळाने ती पात्रतेची अट केली. म्हणजे पैसे नाहीत ही सबब पुरी पडत नाही. संगणक परवडत नसेल तेथे पेटी ठेवावी. सुश्रुताने तर भोपळ्यावर भागविले होते.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो यंत्राचा म्हणण्यापेक्षा आमच्या समजुतीचा आहे. यंत्र हाताला शिकविते, विवेकाला शिकवीत नाही. नलिका नीट ओळखता येत नसेल तर कात्री चालवू नये, वडीलधाऱ्या सर्जनला हाक मारावी, किंवा सरळ पोट उघडावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. हा धडा पडद्यावरच्या गोळ्याला उचलून येत नाही. तो गुरूपाशीच यावयाचा. परंतु ज्याचा जीव चिमटा सांभाळण्यातच गुंतला आहे, त्याला विवेक करण्यास उसंत कोठून मिळणार? सायकलवर तोल सावरणाऱ्या मुलाला रस्त्यावरची गाय दिसत नाही. हाताचे शिक्षण यंत्राकडे गेले, तर शस्त्रक्रियेच्या खोलीत गुरूला खरे शिकवावयाचे ते शिकविता येईल. म्हणून यंत्र गुरूला हटविणार, ही भीती आम्हाला अनाठायी वाटते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपणा नागरिकांसाठी आहे. शिकणारा सर्जन पाहिजेच. त्याला कोणी हात लावू दिला नाही, तर वीस वर्षांनी तुमच्या मुलाबाळांना सर्जन मिळणार नाही. पण शिकण्याचा भार कोणावर पडतो, हा विचार करा. ज्याच्यापाशी पैसा आणि ओळख आहे, तो पन्नासावा, पाचशेवा रोगी होण्याची तजवीज करू शकतो. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, तो ज्या दाराशी रांग लागते तेथे उभा राहतो, आणि बहुधा शिकाऊ हात तेथेच असतात. समाजाला लागणारी विद्या ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या देहावर मिळवावी, याला न्याय म्हणता येणार नाही. सरावाचे यंत्र हे चैनीचे उपकरण नव्हे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. गरिबाच्या वाट्याला आलेल्या पहिल्या तीस पाळ्या काही अंशी तरी ते स्वतःवर घेते.

यासाठी आपण दोन गोष्टी कराव्यात. स्वतःची अथवा घरच्या माणसाची शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनला नम्रपणे विचारावे, "डॉक्टर, ही आपण किती केल्या आहेत? आणि शिकणारे कोणी हात लावणार असतील, तर त्यांनी सराव कशावर केला?" चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. दुसरी गोष्ट, रुग्णालयाला देणगी देताना आपण इमारत देतो, खाटा देतो, आणि त्यावर वडिलांचे नाव कोरतो. एकदा एखाद्या महाविद्यालयाला सरावाची खोली द्या. तिच्यामुळे कोण वाचला, हे कोणालाच कळणार नाही. ज्याला इजा झालीच नाही, तो आभार मानण्यास येत नाही. पण दान म्हणून ते कमी ठरणार नाही.

आमच्या त्या कंडक्टर गृहस्थाला आम्ही जे सांगितले नाही, ते आज आपल्यासमोर सांगून टाकले. पुढच्या सर्जनला असे काही लपवावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.